मेढ, वासा आणि पांढरी : वऱ्हाडातील नाहीशा झालेल्या लाकडी घराविषयी

वऱ्हाडचा प्राचीन इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे दगड उभा राहतो. गाविलगड आणि नरनाळ्याची तटबंदी, लोणारच्या काठची मंदिरे, बार्शीटाकळीचे कालिकादेवीचे देऊळ, पातूरची लेणी. अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांच्या वारशाची कोणतीही ओळखपुस्तिका उघडली, तरी थोड्याफार फरकाने हीच नावे पुढे येतात. या यादीतली एक मोठी उणीव मात्र सहसा कुणाला खटकत नाही. या भूमीत शेती करून स्थिर राहिलेल्या माणसाला किमान तीन हजार वर्षांचा इतिहास आहे. त्या माणसाने आरंभीची शेकडो वर्षे ज्या घरांत काढली, त्या घरांपैकी एकही या यादीत नाही. याचे कारण साधे आहे. ती घरे दगडाची नव्हती. ती लाकूड, बांबू, गवत आणि माती यांची होती.

जे टिकले तेच महत्त्वाचे होते असे समजण्याची सवय इतिहासाच्या वाचकाला लागते. साहित्याचा अभ्यास करणाऱ्यांना ही सवय परिचित असावी, कारण हस्तलिखित वाचले तो कवी आणि वाचले नाही तो कवीच नव्हे, असा न्याय वाङ्मयेतिहासातही नकळत होत असतो. प्रागैतिहासिक लाकडी घर हे असेच एक हरवलेले हस्तलिखित आहे. त्याची मूळ प्रत उरलेली नाही. तरी त्याची नक्कल, त्याचे तुकडे आणि त्याचा ठसा उरला आहे, आणि काही शब्दही उरले आहेत. या चार गोष्टी कशा वाचायच्या आणि त्यांतले काय जपायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी ठशाकडे वळू. अमरावती जिल्ह्यातील चांदूरबाजार तालुक्यात तुळजापूर गढी नावाचे गाव आहे. तेथील टेकाडावर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीने बी. पी. बोपर्डीकर यांनी १९८४-८५ मध्ये उत्खनन केले आणि त्याचा अहवाल १९९६ मध्ये सर्वेक्षणाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. तेथे ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. पश्चिम महाराष्ट्रात आणि माळव्यात जी रंगवलेली मृद्भांडी माळवा आणि जोर्वे या नावांनी ओळखली जातात, त्यांच्याशी नाते सांगणारी भांडी येथे मिळाली. जळलेल्या धान्यावरून त्या लोकांच्या शेतीचा अभ्यासही झाला; डेक्कन कॉलेजचे एम. डी. काजळे यांनी तो १९८८ मध्ये प्रसिद्ध केला. विदर्भाची प्राचीनता म्हटली की शिळावर्तुळांचाच विचार करण्याची जी पद्धत होती, तिला या उत्खननाने पुरवणी जोडली. लोखंड आणि शिळावर्तुळे यांच्या आधीही येथे तांबे व दगडाची पाती वापरणारा शेतकरी होता, हे स्पष्ट झाले. गावाच्या नावातच गढी आहे. नंतरच्या काळातली गढी प्राचीन वस्तीच्या टेकाडावर असणे ही वऱ्हाडात आणि खानदेशात नित्याची गोष्ट आहे.

अशा वस्तीत उभे घर सापडत नाही. लाकूड टिकण्यासाठी काही अटी लागतात. ते सतत पाण्याखाली, प्राणवायू न पोचणाऱ्या चिखलात राहिले, कायमचे गोठले किंवा अतिशय कोरड्या जागी पडून राहिले, तर त्याला कुजवणारे जीव काम करू शकत नाहीत. यांपैकी एकही अट वऱ्हाडात पुरी होत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात तिला हात-हात भेगा पडतात. चार महिने ओल आणि आठ महिने कोरड हे चक्र लाकडाला सर्वांत घातक असते. उरलेसुरले काम वाळवी करते. म्हणून तीन हजार वर्षांपूर्वीचा सागाचा खांब येथे खांब म्हणून मिळण्याची आशा नसते.

खांब गेला तरी त्याचा खड्डा राहतो. जमिनीत खांब रोवण्यासाठी खड्डा घ्यावा लागतो, खांब उभा करून त्याच्या भोवती माती-दगड ठासावे लागतात. पुढे लाकूड कुजून नाहीसे होते आणि त्याच्या जागी वरची माती हळूहळू उतरते. ही माती आजूबाजूच्या चोपलेल्या जमिनीपेक्षा सैल असते आणि तिचा रंगही वेगळा असतो. उत्खनक खुरपीने जमीन अलगद तासतो, तिच्यावर पाण्याचा फवारा मारतो, आणि मग एकेक करून गोल डाग दिसू लागतात. डागांची ओळ सरळ असेल तर घर चौकोनी, ती वळत असेल तर घर गोल. डाग जाड असेल तर खांबावर छपराचा भार होता, बारीक आणि दाट असतील तर तो कूड होता. राखेचा थर एका ठिकाणी असेल तर ती चूल. उभ्या घराचा आराखडा असा आडव्या जमिनीवर वाचता येतो. प्रागैतिहासिक महाराष्ट्राच्या घरांविषयी आपल्याला जे कळले, त्याचा फार मोठा भाग या डागांतून आला आहे.

या वाचनाचा सर्वांत विस्तृत धडा पुणे जिल्ह्यातील इनामगाव येथे मिळाला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या या स्थळाचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली केले. शंभराहून अधिक घरांचे अवशेष एकाच वस्तीत उलगडणे ही भारतीय पुरातत्त्वात दुर्मीळ गोष्ट होती. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० असा नऊशे वर्षांचा काळ या वस्तीने पाहिला. तिच्या मधल्या, पूर्व-जोर्वे म्हटल्या जाणाऱ्या टप्प्यात ऐसपैस चौकोनी घरे होती : बुटक्या मातीच्या भिंती, त्यांवर कूड आणि खांबांनी तोललेले उतरते गवती छप्पर. एका पाच खोल्यांच्या घराजवळ धान्याचे कोठार होते, आणि ते घर वस्तीच्या प्रमुखाचे असावे असे उत्खनकांनी मानले. घराच्या जमिनीखाली लहान मुलांना दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, पुरलेले आढळले. शेवटच्या, उत्तर-जोर्वे टप्प्यात मोठी चौकोनी घरे नाहीशी होतात आणि लहान गोल झोपड्या दिसू लागतात.

चौकोन संपून वर्तुळ सुरू होते, एवढाच बदल जमिनीवर दिसतो. ढवळीकरांनी त्यातून एका समाजाच्या विपन्नावस्थेची कथा वाचली. पाऊस कमी झाला, शेती खालावली, लोक पशुपालनाकडे आणि भटकेपणाकडे वळले, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढच्या संशोधकांनी या वाचनाला प्रश्न विचारले. गोल झोपडी म्हणजे दारिद्र्यच का, ती हंगामी वापराची किंवा एखाद्या विशिष्ट कामाची जागा का नसावी, असे ते प्रश्न होते. संहिता एक आणि तिची भाष्ये अनेक, हा प्रकार आपल्याला नवा नाही. मात्र एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा सारा वाद ज्या पुराव्यावर उभा आहे, तो पुरावा म्हणजे जमिनीतले रंग बदललेले काही डाग आहेत. एका यंत्राच्या एका फेऱ्यात ते कायमचे जातात, आणि गेले हे कुणाला कळतही नाही.

आता नकलेकडे येऊ. वऱ्हाडच्या पश्चिम सीमेपलीकडे लगेच अजिंठा आहे. तेथील नऊ आणि दहा क्रमांकांची चैत्यगृहे इसवी सनापूर्वीची मानली जातात. दहाव्या लेण्यात मधल्या दालनाच्या कमानदार छताला एके काळी लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या. त्या गेल्या, पण त्यांच्या खाचा राहिल्या. बाजूच्या वाटांवर मात्र त्याच फासळ्या दगडात कोरल्या आहेत. लोणावळ्याजवळच्या भाजे येथील चैत्यगृहात हाच विचार आणखी उघडपणे दिसतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या या लेण्यातले अष्टकोनी खांब आतल्या बाजूला किंचित झुकलेले आहेत. लाकडी इमारतीत छपराचा रेटा खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आत झुकवून रोवतो. डोंगरात कोरलेल्या खांबावर असा कोणताही रेटा नसतो. तरीही शिल्पकाराने ते झुकवले, कारण खांब कसा असतो याची त्याच्या मनातली प्रतिमा सुताराने घडवलेली होती.

यापुढचे आश्चर्य म्हणजे खुद्द लाकूड. भाजे आणि कार्ले येथील छतांत मूळच्या लाकडी फासळ्यांपैकी काही अजून आहेत. भाज्याच्या फासळ्यांवर ब्राह्मी अक्षरेही मिळाली, म. न. देशपांडे यांनी ती १९५९ मध्ये प्रसिद्ध केली, आणि त्या अक्षरांच्या वळणावरून ते लाकूड लेण्याइतकेच जुने ठरले. कार्ले येथील महाचैत्य इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचे. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीचा तेथे लेख आहे. सुमारे ३८ मीटर लांबीच्या त्या दालनात वर पाहिले की सागाच्या फासळ्यांची रांग दिसते, आणि स्तूपावर लाकडी छत्रही आहे. मोसमी पावसाच्या मुलखात दोन हजार वर्षांचे लाकूड आपल्या मूळ जागी असणे हा एक चमत्कारच म्हटला पाहिजे, आणि तो घडला तो डोंगराने त्याला ऊन, पाऊस आणि ओल्या जमिनीपासून वाचवले म्हणून. महाराष्ट्रात प्राचीन लाकडी वास्तू संरक्षित स्मारकाच्या दर्जाने कोठे पाहता येत असेल, तर ती दगडाच्या पोटात, या दोन ठिकाणी. ती प्रागैतिहासिक नाही. पण प्रागैतिहासिक सुताराच्या वारसदारांनी घडवलेली आहे.

या फासळ्या काहीही तोलत नाहीत. डोंगराला वाशांची गरज नसते. मग त्या बसवल्या कशासाठी? आमच्या मते या प्रश्नातच लाकडी वास्तूचे खरे महत्त्व दडलेले आहे. लेणे कोरणाऱ्यांना आणि त्यासाठी दान देणाऱ्यांना फासळ्यांवाचून छत हे छत वाटत नव्हते. पवित्र वास्तूची कल्पना त्यांच्या आधीच्या कित्येक शतकांत लाकडात तयार झाली होती, आणि दगडात जाताना ती आपली हाडे बरोबर घेऊन गेली.

एकोणिसाव्या शतकात याच निरीक्षणाचा निराळा उपयोग झाला, आणि तो साहित्याच्या विद्यार्थ्यांनी माहीत करून घेण्यासारखा आहे. भारतीय वास्तुकलेचा पहिला मोठा इतिहास लिहिणारा जेम्स फर्ग्युसन याने लेण्यांतील लाकडाची नक्कल बारकाईने नोंदवली. त्यावरून त्याने असे मांडले की अशोकाच्या आधी भारतीयांना दगडी बांधकाम ठाऊक नव्हते, आणि दगडाकडे ते वळले ते परकीय संपर्कातून. बंगालचे विद्वान राजेंद्रलाल मित्र यांनी त्याला विरोध केला. वाद इतका पेटला की फर्ग्युसनने १८८४ मध्ये मित्रांच्या लेखनाला उद्देशून एक स्वतंत्र पुस्तकच लिहिले आणि त्यात त्यांच्या विद्वत्तेबरोबर त्यांच्या ‘नेटिव’ असण्यावरही घाव घातले. या वादात दोन्ही पक्षांनी एक गोष्ट न तपासता मान्य केली होती : दगड म्हणजे प्रगती आणि लाकूड म्हणजे मागासलेपण. मित्र दगडाचे प्राचीनत्व सिद्ध करू पाहत होते. लाकूड कमी प्रतीचे का, हा प्रश्न वादात पुढे आलाच नाही. आजही आपल्या वारशाच्या याद्या त्याच गृहीतकावर चालतात.

ते गृहीतक आता टिकत नाही. ग्रीक वकील मेगॅस्थेनीस याने पाटलीपुत्राच्या लाकडी तटाचे वर्णन करून ठेवले होते, आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत पाटण्यात कुम्राहार व बुलंदीबाग येथे जमिनीतल्या ओलीने जपलेल्या प्रचंड लाकडी तुळया व तट खरोखरच निघाले. मौर्यांसारखे साम्राज्य आपली राजधानी लाकडात बांधत होते. त्यामागे अज्ञान नव्हते, तर एक पक्व कारागिरी होती. युरोपात १८५३-५४ च्या हिवाळ्यात झुरिचच्या सरोवराचे पाणी ओसरले आणि तळाच्या चिखलात रोवलेल्या खुंटांची रांग दिसली. त्यातून आल्प्सच्या भोवतालच्या सहा देशांतील प्रागैतिहासिक खांबांवरच्या वस्त्यांचा शोध लागला. इ.स.पू. ५००० ते ५०० या काळातल्या अशा १११ स्थळांना युनेस्कोने २०११ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला. त्याहून मोठा धक्का २०२३ मध्ये बसला. झांबियातील कलांबो धबधब्याजवळ खाच पाडून एकमेकांत बसवलेली दोन लाकडे मिळाली, आणि त्यांचे वय किमान ४ लाख ७६ हजार वर्षे ठरले. आपली मानवजात उदयाला येण्याच्याही आधी कुणीतरी लाकडाला खाच पाडून सांधा जुळवला होता. ज्याला आपण अश्मयुग म्हणतो ते नाव, दगड टिकला आणि लाकूड कुजले एवढ्याच कारणाने पडले की काय, अशी शंका आता गंभीरपणे घेतली जाते.

आल्प्सच्या उदाहरणातली एक बाब आपल्या कामाची आहे. त्या १११ स्थळांवर जाणाऱ्याला बहुतेक ठिकाणी काहीच दिसत नाही. वास्तू पाण्याखाली किंवा मातीखाली आहे, आणि संरक्षण त्या पाण्याला व मातीला दिलेले आहे. वास्तू म्हणजे डोळ्यांना दिसणारी उभी वस्तू ही व्याख्या तेथे सोडून द्यावी लागली. आपल्याकडेही कायद्यात तेवढी जागा आहे. १९५८ चा प्राचीन स्मारके आणि पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम ‘स्मारक’ आणि ‘पुरातत्त्वीय स्थळ’ असे दोन वर्ग करतो. शंभर वर्षांहून जुने अवशेष ज्या जमिनीत असल्याचे रास्त कारणाने मानता येते, ती जमीनही दुसऱ्या वर्गात येते. राज्याचा १९६० चा कायदाही याच धर्तीचा आहे. म्हणजे खांबाच्या खड्ड्यांना कायदा परका नाही. अडचण आपल्या नजरेची आहे.

त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या ग्रंथामुळे काळी आणि पांढरी ही जोडी अनेकांना वाचून ठाऊक असते. काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. गावोगाव या जोडीचा उच्चार होतो; पांढरीला देवता मानून तिची पूजाही होते. पांढरी पांढरी का असते, याचे उत्तर मात्र पुरातत्त्वात आहे. पिढ्यानुपिढ्यांची चुलीची राख, कोसळलेल्या भिंतींची माती, शेण, चुना, हाडे आणि कुजलेले छप्पर यांचा थरावर थर चढून ती माती फिकी होते. पांढरी म्हणजे मोडलेल्या घरांचा साठा. महाराष्ट्रातला पुरातत्त्वज्ञ नव्या प्रदेशात गेला की काळ्या शिवारात उठून दिसणारे पांढरे टेकाड शोधतो, ते याचसाठी. आपल्या शेतकऱ्याने मातीचा जो भेद भाषेत करून ठेवला, तोच शास्त्राने वापरला.

ही पांढरी खणून नेण्याची चालही जुनी आहे. धाब्याच्या छपरावर घालायला, भिंती लिंपायला, गढीच्या बुरुजाला, विटांना आणि शेतात खत म्हणून तिची माती दख्खनभर वापरली गेली. टोपलीने नेली जात होती तोवर टेकाड शतकभर पुरत असे. आता खोदयंत्र आणि ट्रॅक्टर आले आहेत, आणि टेकाड एका उन्हाळ्यात सपाट होते. मोठ्या प्रकल्पांचा प्रश्न वेगळाच. बुलढाणा जिल्ह्यातील भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा बौद्ध स्तूप आणि प्राचीन नगराचे अवशेष निघाले, आणि जिगाव सिंचन प्रकल्पाच्या पाण्याखाली ते जाण्याचा धोका उभा राहिला. स्तूप होता म्हणून भोनसाठी निदान आवाज उठला. ज्या टेकाडात स्तूप नाही, फक्त काही खांबांचे खड्डे आहेत, त्याच्यासाठी आवाज कोण उठवणार? सिंचन नको असे आम्ही म्हणत नाही. पाण्यासाठी तडफडणाऱ्या प्रदेशात तसे म्हणणे हा उद्दामपणा होईल. बुडण्यापूर्वी किंवा खणण्यापूर्वी एकदा नीट तपासणी व नोंद व्हावी, एवढी मागणी मात्र अवास्तव नाही.

चौथी गोष्ट भाषा. येथे आपल्या वाचकांचा अधिकार पुरातत्त्वज्ञांपेक्षा अधिक आहे. एखाद्या कार्याचा आरंभ झाला की आपण ‘मुहूर्तमेढ रोवली’ असे लिहितो. मेढ म्हणजे वरच्या टोकाला बेचके असलेला खांब. त्या बेचक्यात आडवे लाकूड बसते आणि सांध्याला खिळा लागत नाही. मांडवाची पहिली मेढ मुहूर्ताने रोवायची, म्हणून ती मुहूर्तमेढ. विद्यापीठाची इमारत सिमेंटची असली तरी आपण तिची मेढच रोवतो. वासा हा शब्द संस्कृत ‘वंश’, म्हणजे बांबू, यापासून आला. घर फिरले की घराचे वासे फिरतात, आणि खाल्ल्या घरचे वासे मोजणारा कृतघ्न ठरतो. वळचणीचे पाणी आढ्याला जात नाही, ही म्हण ज्याने केली त्याच्या डोळ्यांपुढे उतरते दुपाखी छप्पर होते. खांब हा शब्द ‘स्कंभ’ या शब्दापर्यंत मागे जातो, आणि अथर्ववेदात त्या स्कंभावर साऱ्या विश्वाचा भार ठेवणारे एक सूक्त आहे. त्याच वेदातील शाला-सूक्तांत घराच्या खांब-वाशांना उद्देशून प्रार्थना आहेत. घर बांधणे ही त्या ऋषींच्या दृष्टीने लाकडे जोडण्याची क्रिया होती.

येथे एक सावधगिरी हवी. इनामगावच्या किंवा तुळजापूर गढीच्या माणसांची भाषा कोणती होती हे मातीतून कळत नाही. खापराला लिपी नाही. म्हणून आपले शब्द थेट त्यांच्या तोंडी घालणे अशास्त्रीय ठरेल. तरी एवढे निश्चित म्हणता येते की कारागिरीची एक परंपरा हातातून हातात आली आणि तिच्याबरोबर शब्द वाहत आले. ऋद्धपूर तुळजापूर गढीहून फार दूर नाही. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी तेथे लीळाचरित्राची सामग्री गोळा केली, लोकांना विचारून, एकेक आठवण जमवून. त्या ऋद्धपुरात तेव्हा जी घरे होती त्यांतले लाकूड आज नाही. बोलणे मात्र आहे, कारण कुणीतरी ते वेळेवर विचारून लिहून ठेवले.

असेच विचारण्याची वेळ आता सुताराच्या बाबतीत आली आहे. मेळघाटातील कोरकूंच्या घरांत लाकडी मेढी, बांबूचा कूड आणि त्यावर मातीचे लिंपण ही रचना अजून दिसते. अकोला आणि अमरावतीच्या सपाट मुलखात तुराट्या-पऱ्हाट्यांचा कूड, सागाची मयाल आणि तिच्यावर तोललेले मातीचे धाबे असलेली घरे आहेत, पण ती झपाट्याने उतरवली जात आहेत. सिमेंटचे छत सुरक्षित आणि टिकाऊ आहे. ते कुणाला नाकारण्याचा हक्क आपल्याला नाही. पण जुने घर उतरताना त्याचे सागवान तोडून विकले जाते आणि त्याबरोबर दोन नोंदी नष्ट होतात. पहिली नोंद लाकडातच असते. सागाला वार्षिक वलये पडतात. पाऊस चांगला झाला की वलय रुंद, अवर्षण आले की अरुंद. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांनी सागाच्या वलयांवरून जुन्या पर्जन्यमानाचा अभ्यास केला आहे. जुन्या तुळईचा एक काप म्हणजे दुष्काळांची रोजनिशी असते. दुसरी नोंद सुताराच्या बोलण्यात असते. कोणत्या सांध्याला काय म्हणतात, मेढ किती खोल रोवायची, ती कुजू नये म्हणून तिचे जमिनीतले टोक जाळून घ्यायचे का, हे सांगणारी शेवटची पिढी आज वृद्ध आहे. जमिनीतला डाग वाचणाऱ्या पुरातत्त्वज्ञाला हीच माहिती लागते. ढवळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इनामगावची घरे उभी केली ती हयात खेड्यांतली घरे पाहून. ती तुलना करण्याची सोय पुढच्या पिढीला राहणार नाही.

हे काम करायला खोदाईचा परवाना लागत नाही. वऱ्हाडातील महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत, आणि बोलींवरील लघुप्रबंध दर वर्षी लिहिले जातात. त्यांपैकी काही घराच्या शब्दांवर लिहिले जावेत. एक तालुका, पाच सुतार, उभ्या असलेल्या दहा घरांची मोजमापे आणि प्रत्येक लाकडाचे स्थानिक नाव, एवढी मर्यादा पुरेशी आहे. त्याच फेरीत गावची पांढरी कोठे आहे, तिचे किती टेकाड उरले आहे आणि तेथे कोणत्या रंगाची खापरे दिसतात हेही टिपावे; खापर उचलू नये, जागा नोंदवावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावी. पूर्णेच्या दोन्ही काठांवरच्या तालुक्यांचा असा एक नकाशा झाला, तर तुळजापूर गढीचे उत्खनन एकाकी राहणार नाही. ज्यांच्या मेढींचे खड्डे त्या टेकाडांत आहेत, त्या पहिल्या वऱ्हाडी शेतकऱ्यांची घरे निदान कागदावर तरी उभी राहतील.